सिद्रामप्पा नाझरांची नववी अट

कोर्टात नाझर नावाचा एक माणूस असतो हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बी.ए. झालेली बाई मी, लातुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून अकरा वर्षं काम करते, पण कोर्ट म्हटलं की काळा कोट आणि खुर्चीतले जज्जसाहेब एवढंच डोळ्यांसमोर यायचं. नाझर म्हणजे कोर्टाचा कारभारी. जप्तीचं सामान त्याच्या ताब्यात, बेलिफ त्याच्या हाताखाली, आणि ज्यांना स्वतःचं स्वतः सांभाळता येत नाही अशांची मालमत्ता कोर्टानं ताब्यात घेतली तर तीही त्याच्याच नावानं चालते. माझ्या मुलीचं रान असंच सिद्रामप्पांच्या हाती गेलं. तेव्हा मला वाटलं होतं, गेलं.

पुनम माझी एकुलती एक. आता एकोणीस वर्षांची आहे, पण समज पाच-सहा वर्षांच्या लेकराएवढी. स्वतःच्या हातानं जेवते, वेणी घालून घेते, ओळखीच्या माणसाला पाहिलं की हसत जाऊन त्याचा हात धरते. कोणाचाही धरते. तिची ही सवय लोकांना गोड वाटते. मी अशा वेळी तिचा दुसरा हात धरून ठेवते.

माझे सासरे रामकिशन जळकोटजवळच्या आमच्या गावात शेती करायचे. नातीचं लग्न व्हायचं नाही हे त्यांनी ओळखलं होतं. जायच्या आधी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि वढ्याकाठची साडेचार एकर पुनमच्या नावे लिहिली. तिच्या हयातीपर्यंत ती विकायची नाही, उत्पन्न तिच्यावरच खर्चायचं, आणि हे सगळं सांभाळायला विश्वस्त म्हणून सोमेश, म्हणजे माझे यजमान. बाकीचं रान धाकट्या मुलाला, दयानंदभावजींना. सासऱ्यांच्या मागं दोन वर्षांनी सोमेश गेले. सकाळी दाढी करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. विश्वस्ताची जागा रिकामी झाली.

भावजींनी कोर्टात अर्ज केला की मी चुलता आहे, रान मीच कसतो, मला नेमा. मी अर्ज केला की मी आई आहे, मला नेमा. कोर्टानं दोघांचं ऐकलं आणि दोघांनाही न नेमता नाझराला नेमलं. गावात कोणीतरी म्हणालं, आता रान सरकारजमा झालं समजा, कोर्टात गेलेलं रान आणि विहिरीत पडलेली घागर सारखीच. ते ऐकून मी दोन दिवस धड जेवले नाही. माझ्या मागं पुनमला सांभाळणाऱ्या एखाद्या संस्थेत ठेवायचं म्हटलं तरी त्या रानाच्याच जोरावर. ते नसलं तर तिला कोण ठेवून घेणार? आज पाच वर्षं झाली, रात्री डोळा लागता लागता हाच प्रश्न उठवतो.

सिद्रामप्पा पहिल्यांदा गावात आले ते एस.टी.नं, उदगीरला गाडी बदलून. पन्नाशी उलटलेला, ठेंगणा, गळ्यात लिंगाची डबी, खांद्याला खाकी पिशवी, एका हातात छत्री. मी पुनमला घेऊन आदल्या दिवशीच गेले होते. जाऊबाईंनी चहा केला. त्यांनी हात जोडले आणि सांगितलं, काम होईपर्यंत मी कोणाच्या घरचं पाणीही घेत नाही. पिशवीतून स्वतःची बाटली काढून प्यायले. भावजी मागे वळून हळूच म्हणाले, "लई कडक सोवळं हाय." मलाही तसंच वाटलं, एक शिष्ट कारकून.

मग पंचनामा झाला. गावातली पाच वयस्क माणसं बांधावर बसली. सिद्रामप्पांनी विचारलं, ह्या रानाची वहिवाट कोणाची? मी निश्चिंत होते. सातबारा पुनमच्या नावाचा, आणि ही पाची माणसं माझ्या सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली. त्यातले सर्वांत वडील भीमाशंकर काका म्हणाले, "खरं सांगावं तर दयानंदाची."

कशावरून, असं सिद्रामप्पांनी विचारलं.

"येळवशीला चर तोच शिंपतोय की."

बाकीच्या चौघांनी माना हलवल्या.

आमच्या लातूरकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, अख्खं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजायचे, भज्जी, उंडे, खीर, आंबील, आणि बांधावरून जाईल त्याला बोलावून जेवू घालायचं. पूजा झाली की आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, हातात घेऊन ज्याचं रान तो पिकातून फेरी मारतो आणि डहाळीनं आंबील शिंपत जातो. ह्याला चर शिंपणं म्हणतात. ज्याचं रान तो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे सातबारा न वाचता येणाऱ्या म्हातारीलाही एवढं कळतं.

आणि ती बिंदगी भावजींच्या हातात मीच दिली होती. सोमेश गेले त्या वर्षी येळवस आली तेव्हा मला दिवस कुठला आणि रात्र कुठली कळत नव्हतं. रान उपाशी राहू नये म्हणून मीच म्हणाले, भावजी, तुम्हीच शिंपा. पुढच्या वर्षीही तेच, घरात दुसरा कर्ता पुरुष कोण? तिसऱ्या वर्षी कोणी विचारलंही नाही. मी कोपीपाशी बसून भाकरी वाढत होते, आणि सगळं शिवार बघत होतं की ह्या रानाचा मालक कोण. कागदं जपून ठेवण्याच्या नादात मी लोखंडी कपाट घेतलं होतं. एवढं शिकून कपाटाला कुलूप लावलं, आणि रान स्वतःच्या हातानं देऊन बसले.

सिद्रामप्पांनी पंचांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, साहेब, हे असं लिहू नका, ह्याचा अर्थ वेगळा निघेल. ते म्हणाले, "बाई, पंच खोटं बोलले असते तर मी खोडलं असतं." आणि खाली सह्या घेतल्या. त्या क्षणी मला हा माणूस भावजींना मिळालेला आहे याची खात्री पटली.

पाडव्याच्या आधी रानाची एकसाली लावणी निघाली. म्हणजे एका वर्षासाठी रान कसायला कोण घेणार याचा लिलाव. असले लिलाव चावडीत किंवा कोर्टाच्या व्हरांड्यात उरकतात म्हणे. सिद्रामप्पांनी तो बांधावर ठेवला, हलगी लावून दवंडी दिली, आणि मला निरोप पाठवला की मुलीला घेऊन या, ती नसली तर लिलाव होणार नाही. मी नेली. तिला बांधावरच्या चिंचेखाली घोंगडीवर बसवलं. प्रत्येक बोली झाली की सिद्रामप्पा तिच्याकडे वळून मोठ्यानं सांगायचे, "पुनमताई, तुमच्या रानाला अमक्यानं इतकं सांगितलं." ती हसायची. लोकही हसायचे. एकजण म्हणाला, जज्जीणबाईंना विचारा एकदा. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. माझ्या लेकराचा तमाशा मांडलाय असं वाटलं.

शेवटची बोली भावजींची. रान त्यांनाच गेलं.

त्या संध्याकाळी एस.टी. स्टँडवर मी सिद्रामप्पांना गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. ज्याच्यापासून वाचवायचं त्याच्याच हातात दिलंत, म्हटलं. गाडीला वेळ होता. मग त्यांनी पिशवीतून लावणीचा करार काढला आणि भावजींच्या सहीवर बोट ठेवलं.

"हे वाचा. 'पुनम सोमेश हिच्या मालकीची जमीन मी एक साल कसण्यास घेत आहे.' दयानंदरावांनी सही केली, पंचांनी केली. तुमच्या दिरानं आज गावासमोर सांगितलंय की रान त्यांचं न्हाई. हे मी त्यांच्याकडून भांडून लिहून घेतलं असतं का?"

वहिवाट भावजींची हे पंचांचं म्हणणं खरं होतं, आणि तीच वहिवाट आता पुनमनं दिलेली म्हणून कागदावर आली होती. मग त्यांनी खाली दाखवलं. छापील फॉर्मात आठ अटी होत्या. झाडं तोडू नयेत, बांध फोडू नये, मुदत संपताच ताबा द्यावा, अशा. त्याखाली त्यांच्या गोल, जुन्या वळणाच्या अक्षरात नववी लिहिलेली होती: वेळ अमावास्येचा चर जमीनमालकीण स्वतः शिंपील, कसणाऱ्याने हरकत घेऊ नये.

असली अट कोणत्या कायद्यात आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुठल्याच न्हाई, पण जज्जसाहेबांनी मंजूर केली.

गाडी उशिरा आली म्हणून मला त्यांची मागची हकीकत कळली. सिद्रामप्पांचे वडील निलंग्याकडे कोर्टात पट्टेवाला होते. हे बारावी होऊन कारकून झाले, आणि पहिली नोकरी नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूला. तिथं इस्लापूरकडच्या केवळाबाई नावाच्या एका मुक्या बाईचं रान कोर्टाकडे होतं. नवरा नाही, मूल नाही, बोलता येत नाही. तिच्या रानाचं काम त्या वेळच्या नाझरानं ह्यांच्याकडे दिलं. नऊ वर्षं ह्यांनी ते इतकं चोख ठेवलं की तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली. फक्त केवळाबाईला त्या नऊ वर्षांत एकदाही रानात नेलं नाही. ती नांदेडला लांबच्या नात्यातल्यांकडे राहायची, तिला कशाला त्रास, म्हणून. पुढे पुतण्यांनी दावा लावला. निकाल केवळाबाईच्या बाजूनं लागला. सिद्रामप्पा स्वतः तिला घेऊन रान दाखवायला गेले, तेव्हा तिला तिचा बांध ओळखता आला नाही. गावानं तिला ओळखलं नाही. कोणी रान कसायला घेईना, कोणी वाट देईना, पुतण्यांच्या तोंडाला कोण लागणार. बाई दोन वर्षांनी वारली. निकालाची नक्कल तिच्या उशाशी पिशवीत होती, असं ते म्हणाले, आणि गाडी येते का बघायला उठले.

त्यानंतर त्यांनी बदली मागून घेतली. शिवकांताबाई, त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या की लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण आजही जेवताना मध्येच थांबतात तेव्हा मला कळतं, केवळाबाई आली.

नववी अट आली त्या येळवशीला मी पुनमला घेऊन रानात उतरले. लिंबाची डहाळी पुनमच्या एका हातात, दुसऱ्या हातात बिंदगी, आणि मी मागून तिचा पदर धरलेला. बाईमाणसानं, त्यातून असल्या मुलीनं चर शिंपायचा, हे शिवारानं कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या रानातून कोणीतरी म्हणालं, अवसेचं असलं करू नये. सिद्रामप्पा सुट्टी टाकून आले होते, बांधावर छत्री टेकून उभे होते. पुनमनं अर्ध्याहून जास्त आंबील स्वतःच्या अंगावर सांडली, पण फेरी पूर्ण झाली. मग पहिल्यांदा सिद्रामप्पा आमच्यात जेवायला बसले. भज्जी मागून मागून खाल्ली. काम झालं की खायचं, एवढाच त्यांचा नेम होता. मी त्याला सोवळं समजले होते.

पुढची दोन वर्षंही रान भावजींनीच लावणीनं घेतलं, आणि येळवशीला तसंच झालं. लोक बोलायचे थांबले. भीमाशंकर काका तर तिला बघून म्हणायचे, आली का गं मालकीण. मला वाटलं, आता जमलं. वाटायला नको होतं.

गेल्या मे महिन्यात सिद्रामप्पा निवृत्त झाले. नवे नाझर तरुण आहेत, बोलायला नम्र आहेत, आणि त्यांच्याकडे कामाचा डोंगर आहे. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी फाइल काढली, चाळली आणि म्हणाले, मॅडम, सगळं व्यवस्थित आहे, काळजी करू नका. यंदाची लावणी बोर्डावर नोटीस लावून इथंच होईल, मुलीला इतक्या लांब न्यायची गरज नाही. नवव्या अटीबद्दल विचारलं तर म्हणाले, नवा फॉर्म संगणकावर आहे, त्यात हातानं लिहायला जागा नाही. ते चुकीचं काहीच बोलले नाहीत. पण केवळाबाईची फाइलही व्यवस्थितच होती.

मग ही आत्ताची येळवस आली. सिद्रामप्पांनी निवृत्त होण्याआधी केलेल्या कराराची मुदत पाडव्यापर्यंत आहे, म्हणून नववी अट अजून जिवंत होती. सिद्रामप्पांना मी पाहुणे म्हणून बोलावलं. ते आले, पण ह्या वेळी बांधावर उभे राहिले नाहीत. कोपीपाशी सतरंजीवर बसले आणि जाऊबाईंनी दिलेला चहा लगेच घेतला. तो कप त्यांच्या हातात पाहून मला कळलं की आता ह्या माणसाला इथं काही काम उरलेलं नाही.

पुनमला आता सवय झाली होती. मी पदर न धरता चार पावलं मागे राहिले. ज्वारी तिच्या छातीपर्यंत आलेली. ती शिंपत शिंपत वढ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथं भावजी उभे होते, त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्या शेजारी. पुनमचा काकांवर फार जीव आहे. लहानपणापासून हुरडा भाजून पहिला घास तिला भरवणारे तेच. ती थांबली, हसली, आणि भरलेली बिंदगी तिनं काकांच्या हातात दिली. डहाळीही दिली. काका, घे, असं म्हणाली.

त्यांनी घेतली.

शेजारच्या रानातली माणसं बघत होती. भीमाशंकर काका घास हातात धरून बघत होते. मी सिद्रामप्पांकडे पाहिलं. ते उठले नाहीत. कप खाली ठेवला आणि बघत राहिले, जसे बाकीचे बघत होते. भावजींचा थोरला मुलगा हळूच म्हणाला, "अण्णा, ती द्यायलीय तर शिंपा की."

भावजी किती वेळ उभे होते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी बिंदगी पुनमच्या हातात परत ठेवली, तिच्या बोटांभोवती स्वतःची बोटं दाबून धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धर नीट. तुझं रान हाय पुने, मी कशाला शिंपू?" उरलेली फेरी ती पुढे आणि ते मागे अशी झाली.

जेवणं आटोपली. सिद्रामप्पांना एस.टी.ला सोडायला भावजी मोटरसायकल काढत होते. गाडी सुरू करण्याआधी भावजी माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत कोर्टाबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

"वैनी, माझ्यापुरतं सांगतो, माझ्या हातून व्हायचं न्हाई," ते म्हणाले. मग मुलं कोप मोडत होती तिकडे बघून म्हणाले, "त्यांचं मला सांगता येत न्हाई. मलाबी भ्याव वाटतंय."

मला त्यांचा राग यायला हवा होता का, आभार मानायला हवे होते का, काही कळलं नाही. सिद्रामप्पा बसले होते म्हणून त्यांनी परत दिली, की बसले नसते तरी दिली असती, हेही मला कधी कळणार नाही.

लातूरला आल्यावर मी सिद्रामप्पांच्या घरी गेले. त्यांनी मला अर्ज सांगितला आणि मी लिहिला: लावणी जमिनीच्या ठिकाणी व्हावी, मालकीण हजर असावी, आणि जुन्या करारातली नववी अट पुढील प्रत्येक करारात कायम ठेवावी. मंजूर होईल का, असं विचारलं. ते म्हणाले, मी असतो तर झाला असता असं म्हणायला सोपं आहे, पण मी किनवटलाही होतो. अर्जावर पुढच्या सोमवारची तारीख आहे. मंजूर झाला नाही तरी पाडव्याच्या आधी मी तिला त्या चिंचेखाली नेऊन बसवणार आहे, लिलाव तिथं असो वा नसो.

तोवर रोज संध्याकाळी, मुली क्लासहून यायच्या आत, मी पुनमला वसतिगृहाच्या गच्चीवर नेते. वाळत घातलेल्या कपड्यांमधून तिची फेरी असते. हातात पाण्यानं भरलेली कळशी, दुसऱ्या हातात झाडूची काडी. फेरी ती छान मारते. पाणीही आता फारसं सांडत नाही. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर मी उभी राहते, काका होऊन, आणि हात पुढे करते.

"पुनम, काका मागतायत. द्यायची?"

ती आनंदानं कळशी पुढे करते. "द्यायची."

मी कळशी तिच्या हातात परत ठेवते, बोटं दाबून धरते, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.